वालचंदांची फार्गो

ऑप्शन फॉर्म भरताना सांगलीचं वालचंद कॉलेज तुमच्यापैकी किती जणांनी वर टाकलं होतं? माझ्या फॉर्मवर ते पहिल्या नंबरला होतं. पर्सेंटाइल कमी पडले, नंबर लागला नाही आणि मी इथे आलो. त्याचं आता काही दुःख नाही (मेसची वांग्याची भाजी सोडली तर!). पण खरं सांगतो, तेव्हा वालचंद म्हणजे माझ्या लेखी एक कट-ऑफ होता, बस्स. वालचंद नावाचा एक हाडामासाचा माणूस होता, तो सोलापूरचा होता आणि जहाज, विमान, मोटार या तिन्ही गोष्टी या देशात बनवायला तो निघाला होता, हे मला कळलं ते गेल्या दिवाळीच्या सुटीत. तेही लायब्ररीत नाही, तर मामांच्या खळ्यात, एका जुन्या ट्रकच्या खाली पाठीवर झोपलेलो असताना!

माझं आजोळ पिंपळनेर. धुळे जिल्हा, साक्री तालुका, पांझरा नदीच्या काठचं गाव. जवळच लाटीपाडा धरण, आणि दक्षिणेला गेलं की शेलबारी घाट. घाट ओलांडला की ताहाराबाद, पुढे सटाणा, मालेगाव. मामांच्या खळ्यात कडुनिंबाखाली एक फार्गो ट्रक उभा असतो. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, गोल नाक, लाकडी फाळका. आजोबांनी तो सेकंडहँड घेतला होता आणि भुईमूग, बाजरी, कांदा भरून शेलबारी चढवून कित्येक वर्षं मालेगावला नेला होता. आजोबा गेले, गाडीचे कागद केव्हाच संपले, त्यामुळे रस्त्यावर ती येत नाही. पण मामा वर्षातून दोनदा ती सुरू करायचे आणि मळ्यात एक चक्कर मारायचे. आजोबांची आठवण म्हणून.

गेल्या वर्षी तेही बंद पडलं. पेडल तळाला टेकवलं तरी इंजिन नुसतं गुरगुरायचं, रेस घ्यायचं नाही. आणि एखाद्या वेळी रेस घेतली, की पाय काढला तरी खाली यायचं नाही. पहिलं दुखणं परवडलं, पण दुसरं जीवघेणं. मळ्यात पोरंसोरं खेळतात. मामांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, टायरला लाथ मारून पाहिली आणि किलोवर भाव सांगून गेला. आजी त्या दिवशी जेवली नाही. मग मामांनीच तोड काढली. पाडव्याच्या पूजेला गाडीने स्वतःच्या पायावर मळ्याला चक्कर मारली, तर ती राहील. नाहीतर भाऊबीज झाली की जाईल. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मी मेकॅनिकलचा, तिसऱ्या वर्षाला ना!

आता तुमच्यापासून काय लपवायचं? ऑटो सायकलचा पी-व्ही डायग्राम मी झोपेतसुद्धा काढतो. पण ट्रकचं बोनेट मी तोपर्यंत कधी उघडलं नव्हतं.

मदतीला आले मिस्त्रीबाबा. गावातले जुने मेकॅनिक, आता हात थरथरतात म्हणून काम सोडलेलं. आजोबांच्या वेळेपासून या गाडीची नस न् नस त्यांना ठाऊक. ते बाजेवर बसले, बिडी पेटवली आणि त्यांनी अहिराणीत मला पहिलाच प्रश्न टाकला, की ही गाडी बनवली कुणी. मी ठोकून दिलं, अमेरिकेने. फार्गो म्हणजे क्रायस्लर कंपनीचा ब्रँड, एवढं मला माहीत होतं. त्यांनी काही न बोलता रॉकेलचा बोळा माझ्या हातात दिला आणि केबिनच्या पुढच्या पत्र्यावरची एक पाटी दाखवली. पन्नास वर्षांचं ग्रीस पुसल्यावर अक्षरं वर आली : प्रीमियर ऑटोमोबाइल्स, बॉम्बे. मिस्त्रीबाबा म्हणाले, ही वालचंद शेठची गाडी. आणि घाटापलीकडे मालेगाव तालुक्यातलं रावळगाव आहे ना, तिथला साखर कारखानाही त्यांचाच. आजीने लगेच भर घातली, की आजोबा मालेगावच्या प्रत्येक खेपेत रावळगावच्या गोळ्या आणायचे.

म्हणजे माझा कट-ऑफ, आजीच्या गोळ्या आणि समोरचा ट्रक, हे सगळं एकाच माणसाचं! त्या रात्रीपासून मी त्यांच्याबद्दल जे मिळेल ते वाचायला लागलो. दिवसा ट्रक, रात्री वालचंद. पाच दिवस असा कार्यक्रम चालला.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळ गुजराती जैन, पण पिढ्यांपासून महाराष्ट्रात स्थायिक झालेलं. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. शिक्षण सोलापूर, मुंबई, पुणे असं झालं, पण डिग्री पूर्ण झाली नाही. घरच्या धंद्यासाठी कॉलेज सोडावं लागलं. (केटीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये, पुढचं वाचावं!) पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचा जीव रमेना. तेवढ्यात त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि आता छोटी कंत्राटं घेत. फाटकांना काम येत होतं, वालचंदांकडे भांडवल उभं करायची धमक होती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचं काम घेतलं. जेमतेम सात मैलांचं काम! पण सोलापूरच्या पेढीवरचा मुलगा माती, खडी आणि मजुरांच्या हजेऱ्या यांत शिरला, तो कायमचा.

पुढे रेल्वे आणि लष्कराची मोठी कंत्राटं आली. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे त्यांच्या कंपनीने खोदले. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी सुरू केली. सिव्हिलच्या मित्रांना एचसीसी हे नाव सांगायला नकोच. इथेच थांबले असते तरी सात पिढ्यांची सोय झाली असती. पण थांबणं त्यांना जमत नव्हतं.

इकडे खळ्यात आमचं निदान सुरू झालं होतं. नॉन-मेकॅनिकल वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्या पेट्रोल गाडीत पाय आणि इंजिन यांच्यामध्ये सेन्सर वगैरे काही नसतं, नुसतं लोखंड असतं. पेडल दाबलं की एक रॉड ओढला जातो. तो रॉड इंग्रजी एल अक्षरासारखी एक पट्टी फिरवतो, तिला बेल क्रँक म्हणतात. बेल क्रँक दुसरा रॉड ओढते आणि त्या रॉडने कार्बोरेटरमधली एक गोल चकती उघडते. चकती जेवढी उघडेल तेवढी हवा आत जाते, हवेबरोबर पेट्रोल जातं आणि इंजिन जोर धरतं. पाय काढला की स्प्रिंग सगळं मागे खेचते. या सगळ्या जोडणीला थ्रॉटल लिंकेज म्हणतात.

मिस्त्रीबाबांनी मला आधी कार्बोरेटरकडचं टोक सोडायला लावलं. चकतीची पट्टी हाताने फिरवून पाहिली, तर ती मोकळी होती, कुठे अडकत नव्हती. म्हणजे कार्बोरेटर निर्दोष, दुखणं वाटेत. मग एकेक सांधा हलवून पाहिला. पिना झिजून बारीक झालेल्या, भोकं लांबट झालेली. प्रत्येक सांध्यात दीड-दोन मिलिमीटर ढिलाई. एकेक सांधा पाहिला तर कुणी म्हणणार नाही, की यामुळे गाडी अडली असेल. पण असे चार सांधे. त्यात बेल क्रँकचं बुश खलास, पहिला रॉड बाकदार झालेला. चकती पूर्ण उघडायला लिव्हरची जेवढी चाल लागते, त्यातली जवळजवळ निम्मी वाटेतच संपत होती.

आणि खरा चोर सापडला तो शेवटी. बेल क्रँकपासून कार्बोरेटरपर्यंतचा दुसरा रॉड तिथे नव्हताच! त्याच्या जागी दुहेरी पिळलेली बांधकामाची तार होती. तार ओढू शकते, पण ढकलू शकत नाही. शिवाय ताणली की लांबते. म्हणून पेडल पूर्ण दाबूनही रेस येत नव्हती. आणि पाय काढल्यावर चकती मागे न्यायचं सगळं ओझं एकट्या जुन्या स्प्रिंगवर पडत होतं. ती थकली होती, म्हणून चकती उघडी राहायची.

कुणी केला हा जुगाड, मी जरा रागानेच विचारलं. मिस्त्रीबाबा हसले. आजोबांनीच केला होता, म्हणाले. एकदा रात्री शेलबारीत रॉड तुटला, वर कांदा भरलेला. आजोबांनी फाळक्याची तार काढून बांधली आणि गाडी घाटापार नेली. सकाळी रॉड बनवू असं ठरलं होतं. ती सकाळ उगवलीच नाही. तारेवर गाडी चालते आहे ना, मग कशाला! आणि मग मिस्त्रीबाबा एकदम गप्प झाले. बनवायचा तो रॉड त्यांनीच होता.

त्या रात्री मी वालचंदांच्या जहाजाचं प्रकरण वाचलं आणि मला ती तारच आठवत राहिली.

१९१९ साल. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. हिंदुस्थानचा समुद्रावरचा सगळा व्यापार ब्रिटिश कंपन्यांच्या हातात. त्या वेळी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला निघालं होतं, लॉयल्टी नावाचं. युद्धात ते हॉस्पिटल जहाज म्हणून वापरलं गेलं होतं. मूळचं ते १८९० च्या सुमाराला इंग्लंडात बांधलेलं, म्हणजे तेव्हाच जवळजवळ तीस वर्षांचं म्हातारं. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना बरोबर घेऊन ते घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. म्हणूनच आपल्याकडे ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन असतो. पण जहाज जुनं, खर्चीक. चारच वर्षांत, १९२३ मध्ये, ते भंगारात काढावं लागलं. त्याच वर्षी ब्रिटिश कंपन्यांनी सिंदियाशी दहा वर्षांचा असा करार केला, की किती जहाजं ठेवायची आणि कुठे चालवायची यावर बंधनं आली. भाड्याच्या स्पर्धेत पिचून निघण्यापेक्षा कंपनी जिवंत ठेवणं बरं, म्हणून सिंदियाने तो मान्य केला. वालचंदांना तो करार अजिबात रुचला नव्हता.

मला वाटतं लॉयल्टी म्हणजे वालचंदांची तार होती. हाताशी जे होतं ते बांधून त्यांनी पहिला घाट पार केला. पण फरक इथे आहे, की त्यांनी तारेवर समाधान मानलं नाही. नरोत्तम मोरारजी १९२९ मध्ये गेले, वालचंद सिंदियाचे चेअरमन झाले आणि दुसऱ्यांची जुनी जहाजं विकत घेण्याऐवजी इथेच जहाज बांधायचा ध्यास त्यांनी घेतला. कलकत्त्याला मनासारखी जागा मिळाली नाही, तेव्हा विशाखापट्टणम निवडलं. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले, काम ठप्प झालं. तरी १४ मार्च १९४८ ला तिथून आठ हजार टनांचं जलउषा पाण्यात उतरलं. उतरवलं पंडित नेहरूंनी. सात मैलांच्या बार्शी लाइनपासून जलउषापर्यंत! आणि इथे मला एका रॉडला आटे पाडायचे तर हात दुखत होते...

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या लेथवाल्याकडे गेलो. गनमेटलचा तुकडा मिळाला. वर्कशॉपला मला चांगले मार्क होते, त्यामुळे बुश मीच बोअर करणार असा हट्ट धरला. पहिलं बुश तीन दशांश मिलिमीटरने मोठं झालं. पिन आत खुळखुळायला लागली. म्हणजे झिजलेलं काढून नवं कोरं झिजलेलंच बसवल्यासारखं! लेथवाला म्हणाला, चालून जाईल. मी मिस्त्रीबाबांकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त दुसरा तुकडा पुढे केला. दुसरं बुश नीट झालं. मग पिना बनवल्या, ब्राइट बारचा रॉड कापला, दोन्ही टोकांना डायने आटे पाडले आणि लॉकनटसकट यू-आकाराचे चिमटे बसवले, म्हणजे लांबी कमीजास्त करता येते. स्प्रिंगाही नव्या, एक नाही तर दोन घातल्या. एक तुटली तरी दुसरीने चकती मिटली पाहिजे.

आता मोटारीकडे येतो, कारण ती तर समोरच उभी होती. मोटारीच्या गोष्टीत पहिलं नाव येतं सर विश्वेश्वरय्यांचं. हो, तेच, ज्यांच्या जयंतीला आपण १५ सप्टेंबरला इंजिनीअर्स डे करतो. खानदेशच्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुण्याहून शिकून निघालेल्या विश्वेश्वरय्यांची १८८४ मधली पहिली नोकरी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होती आणि सुरुवातीच्याच कामांपैकी एक होतं आपल्या पांझरेवर, पाइपचा सायफन टाकण्याचं! पन्नास वर्षांनी, १९३० च्या दशकात, त्याच विश्वेश्वरय्यांनी परदेशातले कारखाने पाहून हिंदुस्थानात मोटार बनवायची योजना मांडली. वालचंदांनी ती उचलून धरली.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, ती जमली नाहीत. मग क्रायस्लरशी बोलणी सुरू झाली आणि १९४० मध्ये करार झाला. पण तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं. मोटार हा युद्धाला लागणारा उद्योग नाही, असं म्हणत सरकारने यंत्रं आणायची परवानगी अडवून धरली. ट्रकशिवाय युद्ध कसं लढतात, हे मला तरी कळलेलं नाही! कंपनी निघाली १९४४ मध्ये, प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, गाड्या बाहेर पडू लागल्या : डॉज, डिसोटो, प्लिमथ आणि आमची फार्गो. म्हणजे करारापासून गाडी बाहेर येईपर्यंत सात वर्षं गेली. पेडल कधीचं दाबलेलं, पण वाटेतल्या सांध्यांतच सगळी ढिलाई!

त्याच अमेरिका दौऱ्याहून परतताना विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन विमान-व्यावसायिक भेटला. बोलता बोलता विमानाच्या कारखान्याची कल्पना निघाली. आपण प्रवासात शेजाऱ्याशी गप्पा मारतो, शेंगा खातो आणि उतरून जातो. यांनी कारखाना काढला! म्हैसूर संस्थानचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगलोरला जागा आणि भांडवल दिलं आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिथून विमान उडालं. पण युद्ध दाराशी आलं, सरकारला कारखाना स्वतःच्या ताब्यात हवा होता आणि १९४२ मध्ये वालचंदांना आपला हिस्सा सरकारला विकावा लागला. तीच कंपनी पुढे १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, झाली. नाशिकजवळ ओझरला जिचा विमान कारखाना आहे, तीच.

जहाजाचंही तसंच झालं. १९५२ मध्ये विशाखापट्टणमच्या कारखान्याचा मोठा हिस्सा सरकारने घेतला. मोटारीच्या बाबतीत कंपनी हातात राहिली, पण सुरुवातीला गाड्या म्हणजे बाहेरून आलेले सुटे भाग इथे जोडणं, एवढंच होतं. इथला एकेक भाग बनायला पुढची कित्येक वर्षं जावी लागली. फियाट गाडीने, म्हणजे पुढच्या पद्मिनीने, प्रीमियरचं नाव घरोघर नेलं, पण ते पाहायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी सगळ्या कामांतून निवृत्ती घेतली आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला ते वारले. शेवटची वर्षं पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली.

हे वाचून मी जरा खट्टू झालो, हे कबूल करतो. विमान गेलं, जहाज गेलं, मोटार अर्धीच राहिली. मग हा माणूस जिंकला की हरला? त्यांच्यात दोषही होते. एक काम पायावर उभं राहण्याआधी ते दुसऱ्यात हात घालत, कर्जाचा डोंगर करत, भागीदारांना धाप लागे. ब्रिटिश सरकारच्या कंत्राटांवर त्यांनी पैसा कमावला आणि त्याच सरकारशी जन्मभर भांडले. हे सगळं खरं आहे. त्यांना देवमाणूस वगैरे करायची मला गरज वाटत नाही.

उत्तर मला दुसऱ्या दिवशी ट्रकपाशी मिळालं.

लिंकेज बसवलं होतं. मी ट्रकखालून पाहत होतो, मामा केबिनमध्ये. पेडल तळाला लागायच्या किंचित आधी चकती पूर्ण उघडत होती आणि पाय काढला की खटकन मिटत होती. मी उड्याच मारायच्या बाकी होत्या. मग इंजिन सुरू केलं आणि रेस घेतली, तर इंजिन आपोआप अंगात आल्यासारखं वरखाली करायला लागलं! पाय स्थिर, रेस अस्थिर. मी पुन्हा लांबी बदलली, पुन्हा तेच. दीड तास माझी डोकेफोड चालली. शेवटी मिस्त्रीबाबा बाजेवरून उठले आणि त्यांनी इंजिनावर हात ठेवून रेस घ्यायला लावली. इंजिन एका अंगाला कलत होतं. एका बाजूचं रबर माउंटिंग बसून चपटं झालेलं. रेस घेतली की इंजिन कलायचं. कार्बोरेटर इंजिनावर, पेडल केबिनला. इंजिन कललं की रॉड आपसूक ओढला जायचा, मग ढिला पडायचा. मी पाच दिवस सांधे मोजत बसलो, आणि ज्याच्यावर सगळं उभं होतं तेच पाहिलं नाही!

मिस्त्रीबाबांनी आधी टायरचा तुकडा कापून घालू असं सुचवलं, मग स्वतःच मान हलवली. मामांनी मोटरसायकल काढली आणि ते मालेगावला गेले. संध्याकाळपर्यंत मापाचं माउंटिंग घेऊन आले. ते बसवलं, रॉडची लांबी पहिल्यापासून पुन्हा जुळवली, लॉकनट आवळले. रात्रीचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी पाडवा.

तेव्हा डोक्यात आलं, की वालचंदांचं मोठेपण एखादी कंपनी त्यांच्या हातात राहिली की नाही यात मोजायचंच नसतं. रॉड गाडीत बसला की तो बनवणाऱ्याचा राहत नाही, गाडीचा होतो. विमानाचा कारखाना त्यांच्या हातातून गेला, पण देशात राहिला. जहाजाचा कारखाना राहिला. इंदापूर तालुक्यात माळरानावर त्यांनी ऊस आणि साखर उभी केली, त्या वालचंदनगरच्या कारखान्याने पुढे इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवले. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या इंजिनीअरिंग कॉलेजला १९५५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचं नाव मिळालं. रावळगावची कंपनी १९३३ मधली. तिथल्या गोळ्यांचे ब्रँड २०२४ मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतले, पण पान पसंद तोंडात टाकली नाही असा मुलगा हॉस्टेलवर दाखवा!

आणि आपण? आपल्याला जुगाडाचा फार अभिमान आहे. हॉस्टेलवर तर विचारायलाच नको. बादलीतला हीटर, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलचा फोटो, प्रोजेक्टचं मॉडेल बाहेरून विकत. मी स्वतः यातलं सगळं केलेलं आहे, त्यामुळे उपदेश करायचा मला अधिकार नाही. जुगाड वाईट असंही मी म्हणत नाही. रात्री घाटात तार बांधली नसती तर आजोबा कांद्यासकट तिथेच बसले असते. वालचंदांनी तीस वर्षांचं जुनं जहाज घेतलं नसतं तर सिंदिया कंपनी निघालीच नसती. पण सकाळ झाल्यावर रॉड बनवायला बसायचं असतं, एवढंच. आम्ही ती सकाळ कित्येक वर्षं पुढे ढकलली, आणि त्यात गाडी जवळजवळ भंगारात गेली.

पाडव्याला सकाळी आजीने ट्रकला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मामांनी स्टार्टर दाबला. दोनदा खोकून इंजिन लागलं. मामांनी हलकेच पेडल दाबलं, रेस चढली. पाय काढला, उतरली. पुन्हा दाबलं, पुन्हा उतरली. मिस्त्रीबाबा इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन डोळे मिटून उभे होते. मग आजी केबिनमध्ये बसली आणि फार्गोने कांद्याच्या वावराच्या कडेने अख्ख्या मळ्याला चक्कर मारली. खळ्यात परत आल्यावर मामांनी गाडी बंद केली आणि कुणाशी काही न बोलता भंगारवाल्याला फोन लावला, की येऊ नका.

सुटी संपून निघताना मिस्त्रीबाबांना भेटायला गेलो. त्यांनी एक पुडकं हातात दिलं. मला वाटलं चिवडा असेल. उघडलं तर आत ती पिळलेली तार होती. ती आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. रूमवर आलात तर दाखवीन. आणि हो, वालचंद कॉलेजला नंबर लागला नाही याचं आता खरंच काही वाटत नाही. त्यांची गाडी दुरुस्त करायला मिळाली, ही काय कमी अ‍ॅडमिशन झाली?

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी